तिथं काय हाय बघायला?

फ्रेंच पाहुणा मराठवाड्यात येतो तो ठरलेल्या चाकोरीतून. चिकलठाण्याला विमान, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, बीबी का मकबऱ्यापुढे फोटो आणि परत विमान. सोबत फ्रेंच बोलणारा परवानाधारक गाइड असतो, पाण्याची बाटली असते, टोपी असते. शेजारचा जालना जिल्हा त्याला दिसत नाही आणि जिल्ह्यालाही तो दिसत नाही. कुणी चुकून विचारलंच, की तुमच्याकडे पाहण्यासारखं काय, तर पानटपरीपासून सरकारी कचेरीपर्यंत उत्तर एकच : "तिथं काय हाय बघायला?"

म्हणून या सदरातर्फे फ्रेंच पाहुण्यांसाठी जालना जिल्ह्याची ऐतिहासिक पदयात्रा जाहीर करत आहोत. पदयात्रा म्हटल्यावर दचकू नये, ही मतांसाठी नाही. पल्ला लांब असल्याने मध्ये जीप लागेल. चहा ज्याचा त्याने.

सुरुवात अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरपासून. महाकाळ्याजवळचा समर्थ सहकारी साखर कारखाना आणि त्याचे संस्थापक, माजी खासदार अंकुशराव टोपे यांच्या नावाची ही वसाहत. इथे लेणी नाहीत, किल्ला नाही. गेट आहे, वजनकाटा आहे, गव्हाण आहे आणि हंगामात नंबरला लागलेल्या उसाच्या ट्रॉल्या. फ्रेंच माणसाला यात काय रस, असं वाटेल. पण साखर हा त्याच्या घरचा विषय. इंग्रजांच्या आरमाराने समुद्र अडवला, वसाहतींची उसाची साखर फ्रान्सला मिळेना, तेव्हा नेपोलियनने १८११ मध्ये बीट लावायचं फर्मान काढलं. पुढच्या जानेवारीत बेंजामिन दलेसेरने बीटाची साखर काढून दाखवली, तर बादशहा खुश होऊन त्याला थेट 'लेजियों दॉनर' देऊन मोकळा झाला. आज फ्रान्समधली तेरेओस ही जगातल्या बड्या साखर उत्पादकांपैकी एक, आणि तीही बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था. सभासद, संचालक, वार्षिक सभा, सभेतला आरडाओरडा, यातलं त्याला काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

एकच खबरदारी घ्यावी. पाहुणा विचारील, "शेतकऱ्याला पैसे कधी मिळतात?" कायद्याने ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला रास्त दर, द्यायची असते. हा प्रश्न राज्यातल्या कुठल्याही कारखान्याच्या गेटवर निघाला, की गाइडने घड्याळ पाहावं आणि पुढच्या ठिकाणाला उशीर होत असल्याचं सांगावं.

आणि फ्रेंच बोलणारा म्हणजे पॅरिसचाच असं कुणी सांगितलं? मॉरिशसचे मराठी लोक क्रिओल बोलतात, फ्रेंच बोलतात, गणपती बसवतात. तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्यांचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात कोकणातून जहाजाने गेले ते उसाच्या मळ्यांत राबायला. त्यातला कुणी अंकुशनगरला आला आणि कारखान्याच्या आसपास ऊसतोड्यांच्या कोप्या त्याने पाहिल्या, तर गाइडने गप्प राहावं. सांगायला त्याच्याकडेच जास्त असेल.

दुसरा मुक्काम अंबड. मत्स्योदरीचं दर्शन घ्यावं आणि मग झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये या पॅरिसच्या जवाहिऱ्याची गोष्ट काढावी. सतराव्या शतकात तो हिरे घ्यायला गोवळकोंड्याला जायचा. चौदाव्या लुईला त्याने विकलेल्या निळ्या हिऱ्यातूनच पुढे तो प्रसिद्ध होप हिरा घडला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये पॅरिसात छापून आलं. त्यात औरंगाबाद ते गोवळकोंडा या रस्त्यावरचे टप्पे कोसांसकट दिले आहेत : पिपेली, मग औबेर, पुढे आस्ती, पुढे नादूर. औबेर म्हणजे आपलं अंबड, आस्ती म्हणजे परतूरची आष्टी, नादूर म्हणजे नांदेड, असं अभ्यासकांनी लावलं आहे. म्हणजे व्हर्सायचा राजवाडा पुरता बांधून व्हायच्या आधी पॅरिसच्या पुस्तकात अंबड होतं. अंबडला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

ताव्हेर्निये मोठा हिशेबी. नादूरला नदी ओलांडताना दर गाडीमागे चार रुपये पडतात आणि वर सुभेदाराची चिठ्ठीही लागते, हे त्याने मुद्दाम लिहून ठेवलं. मराठवाड्यातल्या टोलबद्दल कुरकुर करणारा हा पहिला परदेशी म्हणायला हरकत नाही. पण याच नदीबद्दल तो बिनदिक्कत लिहितो, की ती पुढे गंगेला मिळते! गोदावरीकाठची माणसं आजही तिला गंगाच म्हणतात. साहेबाने विचारलं असणार, वाटाड्याने "गंगा" म्हणून सांगितलं असणार आणि साहेबाने ते उत्तरेतल्या गंगेला नेऊन जोडलं असणार. वाटाड्याचं बोलणं अर्धंच ऐकलं की भूगोल असा वाहवत जातो.

तिसरा मुक्काम असई. सिल्लोडहून अजिंठ्याकडे न जाता भोकरदनच्या रस्त्याला वळलं, की पुढे केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला संपवलं. तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी कुणी विचारलं, तर तो वॉटर्लू नव्हे, असई म्हणाला, असं सांगतात. फ्रेंच पाहुण्याला इथे उभं करून एवढंच सांगावं : "मुसिए, तुमच्या बादशहाच्या पराभवाची तालीम आमच्या तालुक्यात झाली होती." पाहुणा कॅमेरा खाली ठेवील.

त्याला सावरू द्यावं आणि मग पुढचं सांगावं. शिंद्यांचं जे कवायती पायदळ त्या दिवशी इंग्रजांच्या तोंडाला फेस आणत होतं, ते मुळात उभं केलं बन्वा द बॉयनने. हा गडी शांबेरीचा, म्हणजे आज फ्रान्समध्ये असलेल्या सावोयचा. १७८४ पासून तो महादजी शिंद्यांच्या चाकरीत होता. १७९६ मध्ये तो गडगंज होऊन परत गेला, जाताना फौज पेरों या फ्रेंचाकडे सोपवून. पेरोंनेही असईच्या तोंडावर इंग्रजांकडे जाऊन स्वतःची कातडी वाचवली. रणांगणात पायदळ सांभाळायला उरला तो पोहलमान नावाचा जर्मन. तरीही वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले-जखमी झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा मात्र त्याच्या हाती लागल्या. फौजेला शिस्त लावणारे पगार घेऊन गेले, मार खायला शिपाई उरले. त्यांची नावं कुठल्या चौकाला दिलेली नाहीत.

द बॉयनने तो पैसा शांबेरी गावावर उधळला, दानधर्म केला. त्याच्या मृत्यूनंतर गावाने १८३८ मध्ये चौकात कारंजं उभारलं : चार हत्ती, चारी दिशांना तोंड करून, मागून एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे मागचा भागच नाही. गावकरी चेष्टेने त्यांना बिनबुडाचे चौघे म्हणतात. पण शांबेरी दाखवायला निघालेला गाइड त्या हत्तींना वळसा घालून पुढे जात नाही. महादजींच्या खजिन्यातल्या पगारावर तिथे पर्यटन चाललंय. हत्तींचं तोंड तिकडे गेलं. पाठ बहुधा आपल्या वाट्याला आली. इतिहासाकडे फिरवून उभे आहोत ती हीच.

आता कुणी उत्साही अधिकारी हे वाचून आराखडा करील, अशी भीती आहे. आराखड्यात आधी स्वागत कमान, मग सेल्फी पॉइंट, मग नारळ आणि शाल, मग फ्रेंच फलक. फलकावर पुढाऱ्यांचे चेहरे इतके, की मजकुराला जागा उरणार नाही. त्यापेक्षा एक करावं : आधी मराठी बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी हीच फेरी काढावी. अंबडच्या पोरांना ताव्हेर्निये सांगावा, भोकरदनच्या पोरांना द बॉयन सांगावा. त्यातल्या दोघांनी जरी हौसेने फ्रेंच शिकून घेतलं, तरी गाइडचा प्रश्न सुटतो. अंकुशनगरच्या पोरांना सांगायला फार लागणार नाही, फक्त ट्रॉल्यांचा आवाज जरा थांबायला हवा.

शेवटी असईची एक गोष्ट राहिली. वेलस्ली केळनेच्या काठावर आला, तेव्हा त्याच्या वाटाड्यांनी त्याला छातीठोकपणे सांगितलं, की इथे नदीला उतार नाही. त्याने समोर पाहिलं. एका काठाला पिंपळगाव, बरोबर पलीकडे वरूड. दोन गावं इतकी समोरासमोर वसली आहेत, म्हणजे येण्याजाण्याला वाट असणारच, एवढा हिशेब त्याने केला आणि माणूस पाठवून खात्री करून घेतली. उतार होता. त्याच उतारावरून त्याची फौज पार झाली आणि पुढचं सगळं घडलं.

दोनशे वर्षांत फरक पडला तो एवढाच. तेव्हा काही नाही म्हणणाऱ्या वाटाड्यांचं परक्याने ऐकलं नाही; आता आपण ऐकतो.