वसुली गावाची, कपात पाणीवाल्याची

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला ग्रामपंचायत आहे, नगरपालिका नाही. एवढ्या एका फरकाने इथे पाणी सोडणारा, गटारी उपसणारा, घरपट्टीच्या पावत्या फाडणारा माणूस सातव्या वेतन आयोगाच्या बाहेर राहतो. माजलगावच्या नगरपरिषदेत कायम शिपायाचं मूळ वेतन 15,000 रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. ग्रामपंचायतीच्या माणसाला किमान वेतन. निदान ते तरी पूर्ण मिळावं, एवढंच हे भांडण आहे.

10 ऑगस्ट 2020 च्या अधिसूचनेने ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे किमान दर ठरले. लहान गावातल्या अकुशल माणसाला 11,625 रुपये, मोठ्या गावातल्या कुशल माणसाला 14,125. पण त्याआधीच, 28 एप्रिल 2020 च्या शासन निर्णयाने सरकारने पगारातला आपला वाटा गावाच्या करवसुलीच्या टक्केवारीला बांधून टाकला होता. वसुली कमी, तर अनुदान कमी. उरलेलं ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचं. आता ज्या ग्रामपंचायतीची वसुलीच झालेली नाही, तिच्याकडे उत्पन्न येणार कुठून?

हा नियम करणाऱ्यांनी बीड जिल्हा पाहिलेला नसावा. दिवाळी झाली की इथली घरंच्या घरं उचल घेऊन ऊसतोडीला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. दाराला कुलूप, घरी म्हातारंकोतारं. टोळ्या परततात तोवर अनेकदा मार्च उलटलेला असतो, आणि वसुलीचा हिशेब तर 31 मार्चला बंद होतो. ज्याच्या हातात कोयता आहे त्याने पट्टी भरली नाही, म्हणून ज्याच्या हातात झाडू आहे त्याचा पगार अडतो. ज्यांना सहज भरता येते, त्या माडीवाल्यांची थकबाकी वेगळीच. त्यांच्या दारात जप्तीची नोटीस न्यायची धमक पुढाऱ्यांनी दाखवायची असते. शिपायाला तो अधिकारच नाही.

पाणी सोडणाऱ्याचं काम कधी जवळून बघा. वीज रात्री आली तर मोटार रात्री चालू करायची. टाकी भरली की जंतुनाशक टी.सी.एल. पावडर बादलीत कालवून ओतायची; डोळे झोंबतात, बोटांची सालपटं निघतात. पहाटे चिखलाने भरलेल्या खड्ड्यात उतरून लोखंडी चावीने व्हॉल्व्ह फिरवायचा, मग पुढच्या गल्लीचा, मग त्याच्या पुढच्या. एखाद्या गल्लीला पाणी कमी आलं की शिव्या त्यालाच. पावडर टाकायची एक दिवस राहिली तर गावाला जुलाब लागू शकतात. ज्याच्यावर अख्ख्या गावाची तब्येत सोपवली, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायची खात्री नाही.

किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं. राज्यघटनेचं कलम 23 त्यासाठी लावलं. वसुली कमी होती, ही सबब त्या निकालापुढे टिकत नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट झालं. लहान गावच्या सरपंचाला 3,000 चे 6,000, मोठ्या गावच्याला 5,000 चे 10,000. झालं ते योग्यच झालं, त्यांनाही गावासाठी पळावं लागतं. पण मंत्रिमंडळाने मनावर घेतलं की पैसा निघतो, हे त्या दिवशी दिसलं. कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी देण्याच्या यावलकर समितीच्या शिफारशी लागू व्हाव्यात म्हणून मात्र संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत. आणि किमान वेतनाचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांनी झाला पाहिजे, हे 1948 च्या कायद्यात होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. 2020 च्या दरांची पाच वर्षं ऑगस्ट 2025 मध्ये भरली.

वसुलीची अट काढा, पगार थेट बँकेत आणि ठरल्या तारखेला द्या. हे सरकारचं काम. आपलंही एक आहे. पट्टी भरा, आणि येत्या ग्रामसभेत उठून तीन गोष्टी विचारा: आपल्या कर्मचाऱ्यांचा पगार किती महिन्यांचा थकलाय, त्यांचा भविष्य निर्वाह निधी खात्यावर जमा होतो का, आणि प्रत्येकाचं सेवापुस्तक भरलेलं आहे का. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.