रव्याचा डबा

ब्रॅम्प्टन, कॅनडा

तीर्थरूप आई-बाबांस,


आई, परवा व्हिडिओ कॉलवर मला घरातच कानटोपी घातलेली बघून तू विचारलंस, "हीटर बिघडला का गं?" हीटर ठणठणीत आहे. तुझ्या जावयांनी घराचं तापमान १८ अंशांवर नेऊन ठेवलंय. फोनवर हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून पत्र.

घर घेतलं २०२१ मध्ये. इथे कर्ज पंचवीस वर्षांचं असलं तरी व्याजाचा दर बहुधा पाचच वर्षं बांधलेला. मग नव्या भावाने नवा करार. आम्ही घेतलं तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा दर पाव टक्का होता. २०२३ च्या जुलैत तो पाच टक्क्यांवर चढला. पुढे उतरला, पण पाव टक्क्याचे दिवस गेले ते गेले. वर गाडीचा हप्ता, आणि सोफा-पलंग घेताना घासलेलं क्रेडिट कार्ड. त्याला वीसेक टक्के व्याज! नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर देणं फिटायला किती वर्षं लागतील, हे कार्डाच्या बिलावर छापणं इथे कायद्याने सक्तीचं आहे. यांनी तो आकडा वाचला आणि म्हणाले, "तोवर आपले चिरंजीव आजोबा होतील."

त्या रात्रीपासून घरात एक्सेलचं राज्य आहे. मासिकं बंद, हॉटेल बंद, केस घरीच कापायचे. (चिरंजीवांचा फोटो मुद्दामच पाठवलेला नाही.)

सगळ्यात मोठा छळ विजेचा. इथे एक योजना आहे: रात्री ११ ते सकाळी ७ वीज अगदी स्वस्त, पण कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ सोन्याच्या भावाने. यांनी नेमकी तीच घेतली. शेगडी विजेची. म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी तिला हात लावायचा नाही. दुपारी साडेतीनला कुकर उरकायचा, आणि सगळं जग झोपलं की धुणं लावायचं. होळी आडवारी आली, तर हे म्हणतात, "पुरणपोळी शनिवारी करू या का?" मी म्हटलं, पौर्णिमा वीज कंपनीला विचारून येत नाही. शेवटी सकाळी सातच्या आत पुरण शिजवलं. नैवेद्य इतक्या पहाटे देवालाही कधी मिळाला नसेल.

हे सगळं मी सोसलं. भांडण झालं ते शिलकीवरून. यांचं म्हणणं, उरलेला प्रत्येक डॉलर कार्डात भरायचा. बँक ठेवीवर दोन-तीन टक्के देते आणि कार्ड वीस खातं, मग बाजूला ठेवायचे कशाला? गणित चोख आहे. पण हाताशी दमडी नसताना गाडी बंद पडली, तर पैसे पुन्हा त्याच कार्डातून काढायचे ना?

मग मी यांना ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र सांगितली. टीव्हीवर नोटाबंदी जाहीर झाली आणि तू मुकाट्याने उठून हरभऱ्याच्या डाळीचा डबा ओट्यावर पालथा केलास. पाचशेच्या नोटा बघून बाबा म्हणाले, "एवढे?" तू म्हणालीस, "थांबा, रव्याचा डबा राहिलाय." पतपेढीचा हप्ता एकही महिना चुकला नव्हता, मोहोपाड्याच्या बाजारात भाजीवालीशी घासाघीस करून, भिशी लावून तू हे साठवलेलं. पुढच्याच वर्षी सरकारने बाबांचा रसायनीतला एचओसीचा कारखाना बंद करायचं ठरवलं. इस्रोला लागणाऱ्या रसायनाचा प्लान्ट तेवढा वगळला. व्हीआरएसचा फॉर्म समोर घेऊन बाबा हिशेबाला बसले, तेव्हा वहीतल्या पहिल्या ओळीत तुझ्या डब्यांचा आकडा होता.

इथे नोकरी गेली तर विम्यातून पगाराच्या ५५ टक्क्यांपर्यंत मिळतात, त्यालाही वरून मर्यादा. बँकेचा हप्ता मात्र शंभर टक्केच लागतो. यांच्या ऑफिसात कपातीची कुजबुज आहेच, त्यामुळे हा मुद्दा पटकन पटला. तह असा झाला: आधी हजार डॉलर वेगळ्या बँकेत, त्या खात्याला कार्डच नाही. मग सगळा जोर क्रेडिट कार्डावर. ते फिटलं की तीन महिन्यांचा खर्च साठवायचा.

हजार पुरे झाले आणि फेब्रुवारीत गाडीचे ब्रेक गेले. सातशे डॉलर! खात्यातून काढून दिले, कार्डाला हात लावावा लागला नाही. हे त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. रात्री बघते तर एक्सेलमध्ये नवा रकाना: "सासूबाई निधी". आता दर महिन्याला पगार झाला की आधी त्यात पैसे पडतात.

मावशी मे महिन्यात येतेय, तिच्याबरोबर कुळथाचं पीठ आणि पोह्याचे पापड दे. लोणचं नको, मागच्या वेळी तिच्या साड्यांनी खाल्लं. बाबांनी गुडघ्याचं औषध चालू ठेवावं.

तुमची,
बेबी

ता. क. निधीत किती आहेत ते यांना ठाऊक आहे. माझा रव्याचा डबाही आहे, त्याबद्दल फोनवर अवाक्षर काढू नकोस. आणि हे पत्र बाबांना वाचून दाखवताना इथवर येऊ नकोस. तुझ्या नव्या डब्यांची चौकशी सुरू होईल.