शेवटचे दीड मीटर

होम थिएटरमध्ये आधी काय बदलावं, या प्रश्नाचं यंदाचं उत्तर आलेलं आहे. स्पीकर नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. पॉवर कॉर्ड. भिंतीतल्या सॉकेटमधून निघून अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत घुसणारी ती काळी वायर. डब्याबरोबर फुकट येते ती नव्हे. ती फेकून द्यायची आणि बऱ्यापैकी स्कूटरच्या किमतीची वेगळी आणायची.

लांबी दीड मीटर. अंगठ्याएवढी जाड, वर विणलेलं जाळीदार आवरण, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना. आत ऑक्सिजन काढून टाकलेलं तांबं. आणि आवरणावर छापलेला एक बाण! वीज कुठून कुठे जावी हे दाखवणारा. वायर उलटी जोडली तर आवाज 'बंद बंद' येतो म्हणे. वीज मात्र अडाणी. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ती दिशा बदलते आणि बाणाकडे ढुंकून बघत नाही.

"फरक काय पडला?" असं विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याचे कान तयार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होतो. बेस घट्ट झाला, आवाजातली हवा मोकळी झाली, दोन वाद्यांमधली शांतता जास्त काळी झाली. काळी शांतता! हे सांगणारा गृहस्थ एरवी दुधाच्या पिशवीमागे आठ आणे वाढले तर सोसायटीच्या ग्रुपवर तीन परिच्छेद लिहितो.

आता ही वीज येते कुठून, ते जरा बघू. समजा, कोयनेहून येते. (खरं तर कोयनेचं पाणी, चंद्रपूरचा कोळसा आणि कुठल्या कुठल्या पवनचक्क्या यांची वीज ग्रिडमध्ये एकत्रच नांदते. पण शौकिनांच्या भावना जपायला आपण ती शुद्ध कोयनेची धरू.) पोफळीच्या वीजगृहातून निघाल्यावर ती अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरून सह्याद्री चढते, उसाची शेतं ओलांडते, एका उपकेंद्रात दाब उतरवून घेते, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. वाटेत तारेवर कावळे बसलेले असतात, मागच्या संक्रांतीचा मांजा लोंबत असतो. मग ती आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये येते, ज्याच्या कुंपणाला टेकून चहाची टपरी चालते. तिथून जमिनीखालून सोसायटीत, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, जिथे जुन्या सायकली, गणपतीचं मखर आणि एक मांजर राहतं. तिथून बिल्डरने सगळ्यात कमी दराच्या कंत्राटदाराकडून टाकून घेतलेल्या वायरीतून, वायरमनने चिकटपट्टी गुंडाळून दिलेल्या सांध्यांवरून, ती हॉलमधल्या सॉकेटपर्यंत पोचते. शेकडो किलोमीटर हे असं. आणि मग शेवटचे दीड मीटर तिला सोन्याच्या पिनांतून मिरवत न्यायचं.

बरं, एवढी सोवळ्यात नेलेली वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरल्यावर तिचं काय होतं? ट्रान्सफॉर्मर तिचा दाब बदलतो, रेक्टिफायर तिची डीसी करतो, कपॅसिटर उरलेसुरले चढउतार सपाट करतात. म्हणजे ती कशी आली याचा माग पुसून टाकणं हेच त्या पेटीतल्या पहिल्या खात्याचं काम. पण हे सांगायचं कोणाला? उद्या हेच लोक म्हणतील की कोयनेच्या विजेवर बासरी खुलते आणि चंद्रपूरच्या विजेवर ढोल. पाणी ते पाणी, कोळसा तो कोळसा. आणि सौरऊर्जेवर फक्त सकाळचे राग.

हसू नका. जपानात काही शौकिनांनी फक्त आपल्या ध्वनियंत्रणेसाठी अंगणात स्वतःचा विजेचा खांब उभारून घेतला, शेजाऱ्यांच्या फ्रिजची अशुद्ध संगत नको म्हणून. 2016 साली वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती. आपल्याकडे हे लोण यायला वेळ लागणार नाही. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा डोळ्यांपुढे आणा. विषय क्रमांक सात, गच्चीची गळती, पुढच्या सभेपर्यंत तहकूब. विषय क्रमांक आठ, बी विंगमधल्या सभासदाचा स्वतंत्र खांब. खजिनदार विचारणार, खांबाला मेंटेनन्स लागणार का, आणि लागला तर चौरस फुटावर की उंचीवर. चिटणीस म्हणणार, खांबाची जागा म्हणजे एका दुचाकीचं पार्किंग. कोणीतरी चेहरा गंभीर करून विचारणार की हा खांब वास्तूच्या कुठल्या कोपऱ्यात येतो. तासाभराच्या चर्चेनंतर खांब मंजूर होणार. दुसऱ्या दिवशी केबलवाला त्याच्यावर वायरींची भेंडोळी टाकणार, तिसऱ्या दिवशी इंटरनेटवाला पेटी टांगणार आणि चौथ्या दिवशी सकाळी त्या शुद्ध खांबावर भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. गॉगलसकट.

आणि एवढं सगळं करून ऐकायचं काय? तर "काय म्हणाला?"

इथे मात्र आमचा तोल जातो. शहरातला कुठलाही सुसज्ज हॉल घ्या. मराठी सिनेमा, मराठी नट, सोफ्यावर मराठी कुटुंब, आणि सगळे मान पुढे काढून खालची इंग्रजी सबटायटल्स वाचतायत! आईच्या तोंडचा कोकणी हेल इंग्रजीत वाचायचा! एकाच्या हातात कायम रिमोट. माणसं बोलायला लागली की आवाज वीसने वर, गाडी उडाली की तीसने खाली. लाखभर रुपयांची यंत्रणा आणि संवाद कळत नाही म्हणून घरातली आजी सिनेमा सोडून आत जाऊन झोपते. हा अपमान आहे. लेखकाचा, नटाचा आणि आजीचा.

कारणात गूढ काहीच नाही. फाइव्ह पॉइंट वनमध्ये माणसांचं बोलणं बहुतेक सगळं एकाच स्पीकरमधून येतं, टीव्हीखालच्या मधल्या. त्या मधल्या स्पीकरला आपण काय वागवतो? तो संचातला सगळ्यात स्वस्त. सुताराने टीव्ही युनिटमध्ये त्याच्यासाठी खालचा खण केला, खणाला झडप केली, झडपेपुढे पितळी हत्ती आला. तोंड प्रेक्षकांच्या गुडघ्यांकडे. त्यातून जो आवाज सुटतो तो खालच्या चकचकीत टाइल्सवर, बाजूच्या काचेच्या स्लायडिंगवर आणि वरच्या पीओपीवर आपटून कानाशी चार हप्त्यांत येतो. या हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, भिंती उत्तर देतात. तिथे वायर काय करणार?

पण मधल्या स्पीकरचं कौतुक पाहुण्यांना दाखवता येत नाही. वॅट दाखवता येतात. शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर देऊन दोनशेचा आणला की आवाज किती वाढतो? तीन डेसिबल. दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर दहापट वॅट लागतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. खोक्यावर पुढून 'पीएमपीओ'चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारो वॅट, मागून बारीक अक्षरात साठ.

छतातले स्पीकरही दाखवता येतात. 2012 साली अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारं तंत्र, थिएटरांत आलं, दोन वर्षांत घरात आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक हॉलच्या पीओपीला भोकं पडतायत. डोक्यावरून हेलिकॉप्टर जाताना ऐकू यावं म्हणून. मराठी सिनेमात हेलिकॉप्टर जातं किती वेळा? आमच्या आठवणीत तरी वाड्याच्या छतावरून मांजरच जास्त वेळा जातं.

तेव्हा क्रम ऐका, फुकट आहे. आधी खोली: जाड पडदे, सतरंजी, सोफा मागच्या भिंतीपासून दोन वीत पुढे. मग पितळी हत्ती हलवा, झडप काढा, मधल्या स्पीकरचं तोंड कानांकडे करा आणि रिसीव्हरच्या मेन्यूत जाऊन फक्त त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा. इथपर्यंतचा खर्च सतरंजीएवढा. तरीही संवाद कळले नाहीत तर पैसे काढा आणि मधला स्पीकर बदला. त्यानंतर पुढचे दोन, मग वूफर. अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. वायर बदलायची ती उंदराने कुरतडली तर.

वूफरचं एवढंच, की 40 हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब असते आणि आपला हॉल पाच मीटरचा. तिला भिंत आणि स्लॅब अडवत नाहीत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, हा नियम 2000 सालापासून कागदावर आहे. दहा वाजले की वूफरचं बटण बंद करा. खाली माणसं राहतात.