गाळ कोण काढतं?

आमच्या घरात तीन संगणक आहेत आणि त्यांतला एकच चालतो. कोणता, ते रोज सकाळी ठरतं. वसईच्या पश्चिमेला राहायचं म्हणजे खारा वारा आलाच. तो आधी खिडकीचे गज खातो, मग सायकलची साखळी, मग मदरबोर्ड. पावसाळ्यात एकदा कॅबिनेट उघडलं तर आत मुंग्यांनी अंडी घातलेली. "अहो, ते भंगारवाल्याला तरी द्या," असं बायको पंचवीस वर्षं सांगते आहे. मी गेलोही होतो एकदा भंगारवाल्याकडे. येताना त्याच्याकडच्याच दोन रॅम घेऊन आलो.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतले काका नातवाचा लॅपटॉप घेऊन आले. धडधाकट यंत्र, पण दुकानदार म्हणाला होता, हे आता जुनं झालं, नवीन घ्या. मी त्यावर लिनक्स टाकलं. तासाभरात यंत्र नव्या नवरीसारखं लगबगीनं कामाला लागलं. काकांनी खिशातून पैसे काढले. "किती झाले?"

"काही नाही काका. फुकट असतं हे."

काकांचा चेहरा बदलला. वसईत कुणी काही फुकट देऊ लागलं की माणूस आधी सातबारा बघतो. "मालक कोण याचा?" त्यांनी विचारलं.

आता आली का पंचाईत. मी सांगू लागलो की 1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांनी ठरवलं, प्रोग्राम ज्याच्या हातात पडेल त्याला तो उघडून बघता, बदलता आणि वाटता आला पाहिजे. मग 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या पोरानं हौस म्हणून या लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. परवान्यात अट एवढीच की घ्या, बदला, पण पुढे देताना कुंपण घालू नका. इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही कोंबलेले असल्यानं ती मंडळी आजवर एकमेकांना फरक समजावत बसली आहेत. आपल्याकडे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत, आणि तरी मी काकांना नेमका चुकीचा सांगितला होता.

काकांना फिनलंडचं काही पडलेलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "काका, बावखल!"

वसईबाहेरच्यांना सांगायला हवं. बावखल म्हणजे वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून इथं केळी, पानवेली आणि फुलं पिकली ती या पाण्यावर. एकेका बावखलावर चार-सहा घरांचा हक्क, रहाटाला पाळ्या लावलेल्या. आज याची पाळी, उद्या त्याची. पाणी सगळ्यांचं, पण ते विकायचा हक्क एकट्या कुणाचा नाही. जीपीएल नावाचा तो जाडजूड इंग्रजी परवाना याहून वेगळं फारसं काही सांगत नाही.

काकांना एका क्षणात कळलं. इतकं कळलं की त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "मग गाळ कोण काढतं?"

या छंदात इतकी वर्षं घालवली, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

मी या पाण्यावर आलो तो 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर मिळालेली सीडी घेऊन. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जमवायचे आणि विरार लोकलच्या सामानाच्या डब्यात माशांच्या पाट्यांशेजारी मॉनिटर मांडीवर घेऊन बसायचं. एका कोळणीनं विचारलं होतं, "टीव्ही केवढ्याला पडला?" तेव्हापासून मी उपसतोच आहे. गाळ काढला म्हणाल तर एकच पाटी.

ती पाटी अशी. युनिकोडचे सुरुवातीचे दिवस. 'दऱ्या' लिहायला जावं तर पडद्यावर 'दर्या' उमटायचं. इंग्रजांना न दिसणारा हा फरक आपल्याला केवढा! तुंगारेश्वरच्या एका भटकंतीची सूचना मी टाइप केली होती : दऱ्यांतून चालताना बूट घालावेत. छापून आली ती 'दर्यांतून'. एकानं प्रामाणिकपणे फोन केला, "भरतीची वेळ बघून यायचं का?" मी चिडून, मोडक्या इंग्रजीत, फॉन्ट सांभाळणाऱ्यांना तक्रार लिहिली. पलीकडच्या माणसाला मराठीचा गंध नव्हता. त्यानं शांतपणे विचारलं, दोन्ही शब्दांचे अर्थ सांगा. मी सांगितलं, एक समुद्र आणि दुसरं डोंगरांमधल्या खोल जागा. काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली आणि दऱ्या डोंगरात परतल्या. आता इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की 'ऱ' येतो, आणि दर वेळी मला आपण नगरपालिकेचा नळ बसवून आणल्यासारखं वाटतं.

पण बाकीचा गाळ? 2024 च्या मार्चमधली गोष्ट. एक्सझेड म्हणून फाइली दाबून लहान करणारी एक सामायिक वस्तू आहे. असंख्य लिनक्स यंत्रांत असते, कुणाच्या लक्षातही नसते. ती सांभाळणारा मुख्यतः एकच माणूस, तोही थकलेला. त्याच्या मदतीला एक सज्जन आला. दोनेक वर्षं निमूटपणे राबला, विश्वास कमावला आणि मग आत चोरदरवाजा बसवून मोकळा झाला. सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दुसऱ्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं. अर्धा सेकंद! आम्ही विरार गाडी अर्धा तास उशिरा आली तरी वेळेवर आली म्हणतो. हा माणूस खोदत बसला आणि तळाशी पोहोचला. पाण्याला आज वास येतोय हे ओळखणारी एखादी म्हातारी प्रत्येक बावखलावर असायची, तसाच.

सगळंच उघडं असावं असं मात्र माझं म्हणणं नाही. ईस्ट इंडियन घरांतला बाटली मसाला बघा. बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला, घरागणिक वेगळा. मी एका मावशींकडे पाककृती मागितली. त्यांनी वीसेक जिनसांची यादी आनंदानं सांगितली, प्रमाण एकाचंही सांगितलं नाही. वर म्हणाल्या, "संपला की ये, बाटली देईन." लिनक्सवर एवढी वर्षं काढलेला मी, त्या बाटलीसाठी मुकाट जातो.

परवा काका पुन्हा आले. लॅपटॉप ठीक होता, त्यांना दुसरंच काही हवं होतं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा, लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा आहे. 2004 पासूनचा. त्यात आमच्या भागातली बावखलं मी रविवारी पायी फिरून भरली होती. काकांना त्यांचं बघायचं होतं. निळा ठिपका सापडला. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"हे पुसून टाक," म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात बुजवलं. भावकीतल्या पोरांनी भराव घातला. बिल्डिंग येतेय."

मी पुसलं. मग त्यांना दाखवलं की नकाशावरून गेलं तरी जुन्या नोंदींत ते राहतं. कुणी कधी काढलं, कुणी कधी पुसलं, सगळं.

"म्हणजे आहे अजून?"

"नोंदीत आहे."

काका उठले, चपला घातल्या. "चला," म्हणाले, "त्याचा गाळ तरी काढायला नको."