बस आणि मिसल

उभा जन्म सरकारी कचेरीत मिसली चाळण्यात गेल्यानंतर, चिरंजीवांच्या आग्रहास्तव 2000 सालच्या सुमारास लांज्याच्या आमच्या माजघरात जो संगणक स्थानापन्न झाला, त्याच्या मंदगतीची कैफियत ऐकून तरुण कारागिराने, "काका, तुमची बस स्लो आहे," असा निवाडा दिला, तेव्हा अंजणारी घाटात धापा टाकणाऱ्या एस्टीखेरीज अन्य बस ठाऊक नसल्यामुळे, "त्यात नवीन ते काय?" एवढेच मी म्हणालो.

मग खुलासा झाला. प्रोसेसर हा तरबेज हेडकारकून, रॅम हे त्याच्या शेजारचे कपाट, हार्ड डिस्क हा मागल्या दारचा दप्तरखाना, आणि कपाटातली मिसल मेजावर रुजू करणारी ती बस. एका फेरीत ती 64 बिट, म्हणजे 8 बाइट, आणते आणि सेकंदास अशा 10 कोटी फेऱ्या करते, हे ऐकून मला तिच्याविषयी आदरच वाटला. परंतु हेडकारकुनाच्या घड्याळाचे सेकंदास 50 कोटी ठोके पडत असल्याने बसच्या एका ठोक्यास त्याचे पाच जातात, सबब बिचारा बराच काळ नुसता खोळंबतो, हे कळताच, शिपाई मिसल आणीपर्यंत पान जुळवीत बसण्यात ज्याची हयात गेली त्या मला त्याच्याविषयी बंधुभाव वाटू लागला. वारंवार लागणारे कागद तो मेजाच्या खणात ठेवतो, त्या खणास म्हणे कॅश म्हणतात. आमच्या काळी मेजाच्या खणात कॅश सापडती, तर खातेनिहाय चौकशी लागली असती!

मुंबईच्या भाच्याने लॅमिंग्टन रोडवरून 133 मेगाहर्ट्झची रॅमची पट्टी धाडली. मदरबोर्ड 100चा, म्हणून तीही मुकाट 100नेच चालू लागली. घाटात ट्रकामागे सापडलेली गाडी कितीही नवी असली तरी ट्रकाच्याच चालीने चढते, हे मला कोणी समजावण्याची गरज नव्हती. तरीही यंत्र चपळ झाले खरे, कारण 64 मेगाबाइटचे कपाट 128चे झाल्याने दप्तरखान्याचे हेलपाटे कमी झाले.

शेजाऱ्याचा फणस आमच्या गडग्यावर ओणवा झाला आहे, या विषयाचा तीन पानी अर्ज मी त्या उत्साहात टंकलिखित केला आणि अखेरचा 'कळावे' उमटतो न उमटतो तोच मृगाची पहिली सर आली व वीज गेली.

"सेव्ह केलं होतंत का काका? रॅममधलं वीज गेली की जातं."

"मग त्याला मेमरी म्हणता कशाला?"

दुसऱ्या दिवशी अर्ज नव्याने लिहावयास बसलो, इतक्यात शेजाऱ्याकडून गऱ्यांचे ताट आले. फणस कापा होता.