सेल्फीकाकांचं मस्टर

प्रत्येक सोसायटीत एक सेल्फीकाका असतात. आमचे काका जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. उभा जन्म दुसऱ्यांच्या मस्टरवर लाल शाईने लेटमार्क मारण्यात गेला. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण वेळेवर उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पण याची नोंद कुठेच नाही. मग मुलाने स्मार्टफोन दिला आणि काका स्वतःची हजेरी स्वतःच लावू लागले.

सिंहगडावर गेले, तर कल्याण दरवाजा त्यांच्या कानामागून डोकावतो. गणपतीच्या आरतीत काका अख्खे, बाप्पाची फक्त सोंड. साखर तपासायला लॅबमध्ये गेले, तरी 'उपाशीपोटी!' म्हणून फोटो हजर. दहाव्याला घाटावरसुद्धा हात आपोआप वर जातो; काकू तो खाली ओढतात.

एक फोटो टाकायला काका दहा काढतात. यात त्यांचा दोष नाही. माणूस स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे उलटा. अमेरिकेतल्या एका प्रयोगात, 1977 साली तो प्रसिद्ध झाला, काही स्त्रियांना स्वतःचाच फोटो सुलटा आणि आरशातला असा दोन्ही तऱ्हांनी दाखवला. बहुतेकींना आरशातला आवडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सुलटा. पडद्यावर काका आरशातले दिसतात आणि बरेच फोन फोटो सुलटा करून ठेवतात. मग 'तो मी नव्हेच!' म्हणत काका पुन्हा हात लांबवतात.

फोटो टाकला की कचेरी उघडते. लोकांना आपण कसे दिसत असू, या अंदाजावर माणूस स्वतःबद्दलचं मत बनवतो, असं चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्येच लिहून ठेवलंय. पण काकांना अंदाज चालत नाही, सह्या लागतात. त्यासाठी वेगळी वही आहे. व्याह्यांचं लाइक रात्री अकराला आलं : लेटमार्क. साडूंचं तीन दिवस आलंच नाही : विनापरवाना गैरहजर. पुतण्याला तर भर मांडवात, अक्षता हातात असताना, 'महाबळेश्वरच्या फोटोला का नव्हतास?' म्हणून खुलासा द्यावा लागला.

काकू एकदा म्हणाल्या, "अहो, मी समोर बसलेय. मला कधी विचारलंत, कसा दिसतोय म्हणून?"

"तुझी कसली हजेरी घ्यायची? तू कायम आस्थापनेवर!"

काकूंनी त्याच संध्याकाळी रजा टाकली आणि थेट त्या गैरहजर साडूंकडे राहायला गेल्या. सकाळी काकांनी स्वयंपाकघरातून सेल्फी टाकला : 'आजचा चहा स्वहस्ते!' धडाधड अंगठे आले, गुलाब आले, 'यंग मॅन' आलं. साडूंचंसुद्धा लाइक आलं.

काकूंनी लाइक केलं नाही. खाली एवढंच लिहिलं, "मागे दूध उतू जातंय."