काकांचा शोध, काकूंचा फेरफटका

ऑनलाइन बाजारात काका शिस्तीने शिरतात. शोधचौकटीत ‘कुकरची रिंग, पाच लिटर’ लिहितात. आधी ‘प्रायोजित’ रिंगा पुढे येतात. पैसे भरून रांगेत घुसलेल्या. काकू काहीच लिहीत नाहीत. मीशो उघडलं की साड्यांचा ओघ सुरू. अंगठ्यानेच लक्ष्मी रोड पालथा घालायचा, नापसंतीने नाक मुरडायचं, आठ साड्या कार्टमध्ये टाकायच्या आणि फोन चार्जिंगला लावून झोपायचं. खर्च शून्य. काका याला वेळ घालवणं म्हणतात. त्यांची रिंग आली. सोबत ‘लोक हेही घेतात’ म्हणून शिट्टी आणि डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून चहाच्या दोन गाळण्या. रिंग तीन लिटरची निघाली. गाळण्या मात्र उत्तम आहेत.